वाचकांचे प्रश्न : बेळगावभोवतीच्या सायकलवाटा

सायकलच्या वाटांविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे : गाव सुटल्यावर कोणीकडे वळावे? बेळगावात त्याचे उत्तर जमीनच देते. पश्चिमेला बेळगुंदी, राकसकोप, जांबोटीकडे गेलात की तांबडी माती, काजू, भाताची खाचरे, न संपणारे चढउतार आणि धो धो पाऊस. पूर्वेला सांबरा, सुळेभावीकडे काळी रानं, सपाट रस्ता, ऊन आणि वारा. टायर कोणता, गिअर कोणता, निघायचे कधी, हे सगळे या दिशेवरून ठरते. अंतरे साधारण दिली आहेत. तुम्ही कुठल्या गल्लीतून निघता त्यावर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे होतील.

प्रश्न : माझे वय ५२. पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकल घेतली आहे, सात गिअरची. रोज सकाळी तासाभराची, झाडीतली आणि कमी रहदारीची फेरी सुचवावी. — एक वाचक, टिळकवाडी

त्यासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. शहरातली जुनी, मोठी झाडे कॅम्पात आणि व्हॅक्सिन डेपोत राहिली आहेत. डेपो पायी फिरणाऱ्यांसाठी सोडा. सायकल कॅम्पात न्या. काँग्रेस रोडने कॅम्प, तिथून रेसकोर्सवरून हिंडलगा आणि परत गणेशपूरमार्गे कॅम्प, अशी फेरी १२ ते १५ किलोमीटरची होते. सहाला निघालात तर शाळेच्या रिक्षा आणि बसगाड्या सुरू होण्याआधी घरी पोचता. लष्करी आवाराच्या फाटकांसमोर थांबू नका, फोटो काढू नका आणि खिशात ओळखपत्र ठेवा.

रविवारी पहाटे किल्ल्याकडे जावे. तळ्याच्या कडेने आत शिरलात की १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. आठनंतर बसस्थानकाकडची रहदारी इतकी वाढते की तिकडून परतणे त्रासाचे होते.

आता शरीराचे. बऱ्याच वर्षांनी सायकल घेणारे सीट फार खाली ठेवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले की धीर वाटतो. तिथेच गुडघेदुखी सुरू होते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात बरोबर तेवढाच बाक राहतो. पहिले आठ दिवस सीट निम्मीच वर घ्या, सवय झाल्यावर पूर्ण.

सात गिअरमध्ये सपाटीला तीन किंवा चार पुरे. मिनिटाला ६० ते ७० फेरे पाय सहज फिरला पाहिजे. जड गिअर रेटण्यात व्यायाम नाही, सांध्यांची झीज आहे. गिअर चढ लागण्याआधी बदलायचा. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदललात तर चेन उडते किंवा वाकते.

टिळकवाडीच्या रेल्वेगेटात रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर चाक रुळाच्या फटीत अडकते. ओल्या रुळावर ब्रेक मारू नका. आधीच वेग कमी करा आणि सीटवरून किंचित उठून पार व्हा. रक्तदाब किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि पहिले तीन आठवडे दहा किलोमीटरच्या पुढे जाऊ नये.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. माझी सायकल साधी, बिनगिअरची आहे. मित्र गिअरच्या सायकलीने राजहंसगड चढून जातात, मला शेवटच्या चढाला उतरून ढकलावी लागते. माझ्या पायात जोर कमी की सायकलीत खोट? — एक विद्यार्थी, वडगाव

दोन्ही नाही. हा दातांचा हिशेब आहे, आणि तो एकदा समजून घेतलास तर पुढे कुठलाही चढ बघून अंदाज बांधता येईल.

साध्या सायकलीला पुढे पेडलच्या चक्राला बहुधा ४४ दात आणि मागे फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राला, १८ दात असतात. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला फक्त ४० फेरे मारलेस तरी वेग तेरा किलोमीटर होतो. दहा मीटरला एक मीटर वर जाणाऱ्या चढावर, तुझे आणि सायकलीचे मिळून ८३ किलो वजन धरले, तर या वेगाला निव्वळ चढण्यासाठी २९० वॅट लागतात. धडधाकट तरुणालाही हे दोन-चार मिनिटांपलीकडे जमत नाही. वेग कमी करू म्हटलेस तर पाय इतका हळू फिरतो की सायकल डुलायला लागते.

मित्राकडे पुढे २८ आणि मागे ३४ दात असतील तर त्याची सायकल एका फेऱ्यात १.७ मीटरच सरकते. मिनिटाला ६० फेरे मारूनही तो सहा किलोमीटरच्या वेगाने चढतो आणि त्याला १४० वॅटच्या आसपास पुरतात. म्हणजे तुझ्या निम्म्या जोरात तो गडावर पोचतो.

उपाय स्वस्त आहे. सायकलवाल्याकडून मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवून घे. एका फेऱ्याला ४.४ मीटर होतील, म्हणजे चढ जवळजवळ वीस टक्क्यांनी हलका. सपाटीला मिनिटाला ७० फेऱ्यांत साडेअठरा किलोमीटरचा वेग मिळतो, तो कॉलेजला जायला भरपूर आहे. फ्रीव्हील मोठे झाले की चेन आखूड पडते. मागचे चाक अर्धा इंच पुढे सरकवून जमते का ते पाहावे. नाही जमले तर चेनमध्ये एक जोडकडी वाढवावी. शेवटी चेन मधोमध बोटाने दाबली तर अर्धा इंच हलली पाहिजे. त्याहून ताठ असेल तर फ्रीव्हील आणि क्रँक दोन्हींचे बेअरिंग खाते, सैल असेल तर खड्ड्यात उडते. एवढे करूनही शेवटचा टप्पा ढकलावा लागला तर खुशाल ढकल.

वाट अशी : वडगाव, येळ्ळूर, मग गडाच्या पायथ्याचे गाव आणि वरपर्यंत रस्ता. एकूण जाणे पंधरा किलोमीटरच्या आसपास. बळ्ळारी नाल्याला पूर असताना येळ्ळूरच्या शिवारात पाणी भरते, तेव्हा हा बेत पुढे ढकलावा. गडावर सिद्धेश्वराचे देऊळ आहे, २०२३ पासून शिवरायांचा भव्य पुतळाही आहे, आणि ऑक्टोबरात तटावरून दिसणारा पिकल्या भाताचा पट्टा पाहण्यासारखा असतो.

उतरताना जास्त काळजी घे. दांड्याचे ब्रेक आणि लोखंडी रिम असलेली सायकल भिजली की ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. पाऊस असेल तर उतारावर चालत उतर, हे अगदी आग्रहाने सांगतो. कोरड्या दिवशीही ब्रेक सतत घासत ठेवू नकोस. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी कर आणि वळणात हात सैल सोड.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी तीस किलोमीटरपर्यंत सहज जातो. सायकली गिअरच्या आहेत. राकसकोप, तुडये, शिनोळी अशी पूर्ण फेरी करायची आहे. कोणत्या बाजूने जावे? वाटेत सोय काय? दोन राज्यांतून जाताना काही अडचण येते का? — वाचक भगिनी, गणेशपूर

आमच्या मते बेळगावची ही सर्वांत देखणी फेरी आहे. चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर, बहुतेक वेळ शेतांतून, आणि मधे मार्कंडेय नदीवरचा राकसकोपचा जलाशय.

बहुतेक लोक आधी बेळगुंदीमार्गे राकसकोपला जातात आणि वेंगुर्ला रस्त्याने परततात. तुम्ही उलटे करा. वेंगुर्ला रस्त्यावर ट्रक, कोकणात जाणाऱ्या मोटारी आणि शिनोळीच्या कारखान्यांची वाहतूक असते. हा टप्पा सकाळी सव्वासहा ते साडेसात या वेळात मोकळा मिळतो, दहा वाजता मिळत नाही. म्हणून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी असे आधी उरकावे. सूर्य पाठीशी राहतो, डोळ्यांवर येत नाही, आणि मागून येणाऱ्या वाहनालाही तुम्ही स्पष्ट दिसता. शिनोळीला चहा-नाश्ता करून तुडयेकडे वळावे, मग राकसकोप, बेळगुंदी, बेनकनहळ्ळी आणि गणेशपूर. शेवटचे वीस-बावीस किलोमीटर गावरस्त्याचे, निवांत.

शिनोळी सुटल्यावर हॉटेलच्या भरवशावर राहू नये. प्रत्येकीकडे दोन बाटल्या पाणी, म्हणजे दीड लिटर, असावे. खायला शेंगापोळी उत्तम : खराब होत नाही, पिशवीत चेपत नाही आणि लगेच जोर देते. केळी मात्र पाठीवरच्या पिशवीत चेंदून जातात, ती हँडलच्या पिशवीत ठेवा. स्वच्छतागृह वेंगुर्ला रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरच गाठावे; पुढे सोय मिळणे कठीण.

सीमा ओलांडताना सायकलवाल्याला कोणी अडवत नाही. पाट्यांची भाषा बदलते आणि पुष्कळदा डांबराची प्रतही, कारण रस्त्याची निगा दोन वेगळी सरकारे राखतात. त्या जोडावर खड्डा किंवा उंचवटा असतो, तिथे वेग आवरावा. अडचणीत ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, फक्त फोन कुठल्या राज्याच्या केंद्रात लागला ते लक्षात घेऊन गावाबरोबर तालुक्याचे नावही सांगा : बेळगाव की चंदगड.

राकसकोपचे पाणी बेळगावच्या नळांना येते. जलाशयात उतरू नये, हातपाय धुऊ नयेत, खाण्याची वेष्टने तिथे टाकू नयेत. बांधावरच्या मनाईच्या पाट्या पाळाव्यात. जलाशय रस्त्यावरूनही छान दिसतो.

नवरात्राच्या सुमारास या भागात रताळ्यांचा हंगाम असतो आणि भरलेले ट्रॅक्टर शहराकडे निघतात. त्यांच्या मागे चिकटून जाऊ नका. सांडलेले रताळे चाकाखाली आले की सायकल आडवी होते. दम शिल्लक असेल तर शिनोळीहून देवरवाडीला वळून वैजनाथाचे दर्शन घेता येते. त्याच्या वरचा महिपाळगड हा खडा चढ आहे. तो वेगळ्या दिवशी ठेवा. एकाच दिवशी दोन्ही केले तर राकसकोपचा आनंद जातो.

चौघींत मिळून एक पंप, एक पान्ह्यांचा संच, आणि प्रत्येकीच्या चाकाच्या मापाची स्वतःची ट्यूब असावी. चार सायकलींच्या चाकांची मापे वेगळी असतात आणि नेमके तेच ऐनवेळी कळते. व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक तेही आधी पाहून पंप घ्यावा.

प्रश्न : सांबरा, सुळेभावीकडे जाताना सायकल आपोआप पळते आणि येताना जीव जातो. रस्ता तर सपाट आहे. — एक वाचक, महांतेशनगर

तो वारा आहे. जून ते सप्टेंबर या भागात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बहुधा उलट, पूर्वेचा वारा असतो. नियम सोपा : निघताना वारा अंगावर घ्यायचा, दमल्यावर पाठीवर. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेला जा, थंडीत पूर्वेला. वाऱ्याविरुद्ध येताना एक गिअर हलका ठेवा, कोपरे आत घ्या आणि वेगाकडे पाहूच नका. दोघे असाल तर दोन-दोन मिनिटे आळीपाळीने पुढे राहावे. मागच्याला बराच आडोसा मिळतो.

प्रश्न : कडोली, केदनूर, मण्णूर या भागात सुगी सुरू झाली की आठवड्याला दोन पंक्चर. टायर नवीन आहे. दुकानदार म्हणतात, हवा कमी ठेवा. खरे आहे का? — एक शेतकरी वाचक, कडोली

अर्धेच खरे. तुमचे पंक्चर दोन प्रकारचे असू शकते आणि दोघांचे उपाय उलटे आहेत. ट्यूब काढून हवा भरून पाहा. एकच बारीक छिद्र टायरच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तो बाभळीचा काटा. दोन शेजारी-शेजारी लांबट चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. छिद्र आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर स्पोकचे टोक किंवा सरकलेली रिमपट्टी.

हवा अशी ठेवा : ३२ मिलिमीटरचा टायर आणि ७० किलो वजन असेल तर मागे ६० ते ६५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचे हवेच्या दाबाचे माप), पुढे पाच कमी. जाड टायर, म्हणजे २६ इंची दोन इंच रुंद, असेल तर ३५ ते ४०. पोते किंवा दुधाचे कॅन लादत असाल तर मागे टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ जावे. हवा अंगठ्याने दाबून कळत नाही. पंपावरचा काटा पाहावा.

सुगीत काटे का वाढतात, तर कुंपणाला तोडून टाकलेली बाभूळ ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येते. पाणंदीतून बाहेर पडलात की डांबरी रस्त्यावर लगेच थांबून हातमोजा घालून दोन्ही चाके एक फेरा फिरवत पुसा. काटा रुततो तेव्हा लगेच भोक पडत नाही, पुढच्या दोन-तीनशे फेऱ्यांत तो आत ढकलला जातो. ही अर्ध्या मिनिटाची सवय निम्मी पंक्चर वाचवते.

पंक्चर काढताना सर्वांत मोठी चूक म्हणजे काटा टायरमध्येच राहणे. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे काटा. मग ट्यूब घासपेपरने पॅचपेक्षा मोठ्या जागेत खरखरीत करा, सोल्यूशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटे थांबा. बोटाला ओले लागत नाही, नुसते चिकट वाटते, तेव्हाच पॅच दाबावा. ओल्यावर लावलेला पॅच कडेने सुटतो, उन्हाळ्यात तर हमखास. टायर चढवताना शेवटचा भाग हाताने बसवावा. लोखंडी पट्टीने रेटल्यास ट्यूब चिमटते आणि नवे पंक्चर तिथेच होते.

अजून एक. मळणीसाठी लोक भाताच्या, नाचण्याच्या पेंढ्या रस्त्यावर पसरतात. त्यावरून गिअरची सायकल नेऊ नये. काडी मागच्या गिअरच्या छोट्या चाकांत गुंडाळली जाते आणि जोर लावलात तर गिअरचा हात वाकून स्पोकमध्ये जातो, मग सायकल खांद्यावरून घरी. आवाज बदलला की पेडल मारणे तत्काळ थांबवा, उतरा, चेन उलटी फिरवून काडी काढा. शक्यतो उतरून कडेनेच जावे. पसरलेले पीक एखाद्याच्या वर्षभराच्या कष्टाचे असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीपर्यंत सायकलने जायचे आहे. धबधबेही पाहायचे आहेत. तयारी काय करावी? — तीन मित्र, हिंदवाडी

धबधब्यांचे आधी. वज्रपोहा, चिखले आणि त्या बाजूचे इतर धबधबे वनहद्दीत आहेत, वाटा निसरड्या आहेत आणि पावसाळ्यात वन खात्याची बंदी असते. परवानगीशिवाय जाऊ नका. सायकल रस्त्यावर ठेवून जंगलात शिरणे तर अजिबात नको. कणकुंबीपर्यंतचा रस्ताच इतका हिरवा आहे की तेवढ्यासाठी येणे सार्थ होते.

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडे जांबोटी रस्त्याला लागावे. किणये, कुसमळी, जांबोटी; जांबोटी सुमारे तीस किलोमीटर, कणकुंबी आणखी पंधरा ते अठरा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे आणि कणकुंबी त्याहून फार उंच नाही, म्हणून लोक म्हणतात की चढ नाही. प्रत्यक्षात नाल्यानाल्याला उतरायचे आणि पुन्हा चढायचे असे चालूच राहते. सगळे चढ जोडले की चांगला मोठा घाट होतो. चोर्ल्याचा उतार कणकुंबीच्या पुढे सुरू होतो. या फेरीत तो धरू नका, उतरलेले सगळे पुन्हा चढायचे असते.

निघण्याआधी कुसमळीच्या पुलाची आणि रस्त्याची चौकशी करा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि वरती जोराचा पाऊस झाला की पाणी फार लवकर वाढते. पाण्याखालच्या पुलावर सायकल घालू नये, पाणी घोट्याएवढे दिसले तरी नाही.

वेळेचा नियम कडक पाळा. सकाळी सहाला निघून नऊपर्यंत जांबोटी गाठली नाही, तर तिथेच नाश्ता करून परत फिरा. दुपारनंतर धुके उतरते आणि गोव्याला जाणाऱ्या मोटारींना तुम्ही दिसत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, अंगावर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालावे. रेनकोट अंगाबरोबरचा हवा. खोळ किंवा लोंबता पाँचो घालू नका. वाऱ्याने फुगतो आणि टोक चाकात जाते. भिजून घामेजल्यावर उतारावर हुडहुडी भरते, म्हणून एक कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावा.

या भागाची तांबडी माती ही सायकलीची खरी परीक्षा. तिच्यात जांभ्याची बारीक रेती असते. ती ब्रेकच्या रबरात बसली की रिमला घासपेपरसारखी खाते. नवे रबर शंभर किलोमीटरच्या एकाच ओल्या फेरीत संपू शकते, म्हणून रबराची एक जोडी आणि लहान पाना बरोबर घ्या. डिस्क ब्रेक असेल तर उत्तम, पण पॅडची जाडी निघण्याआधी पाहा. एक मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. ओल्या रिमला ब्रेक लगेच धरत नाही. उतार सुरू होण्याआधीच हलका ब्रेक लावून रिमवरचे पाणी पुसून काढावे. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा हवी, नाहीतर चिखल भरून चाकच थांबते.

घरी आल्यावर जेवणाआधी एवढे करा : सायकलीवर साध्या नळाचे पाणी सोडा, गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधले ग्रीस वाहून जाते. चेन कोरड्या फडक्याने पुसा. सीट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये साचलेले पाणी निघू द्या. तासाभराने चेनच्या प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, पेडल वीस फेरे उलटे, आणि बाहेरचे तेल पुसून टाका. बाहेर राहिलेले तेल रेती धरते. पावसाळा संपला की चेन मोजा : २४ कड्यांची लांबी, पिनपासून पिनपर्यंत, नवीन चेनीत ३०५ मिलिमीटर असते. ३०६.५ झाली की बदलावी. उशीर केलात तर मागचे दातही बदलावे लागतात, आणि ते चेनीपेक्षा महाग पडते.

गवे या रस्त्यावर येतात, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका, दिवा त्याच्या डोळ्यांवर मारू नका. एक गेला की मागून आणखी येतात, त्यामुळे पाच मिनिटे थांबूनच निघावे. दक्षिणेकडे २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. तिकडे वळणाऱ्या कच्च्या वाटा मोबाइलच्या नकाशात मोकळ्या दिसल्या तरी तुमच्यासाठी नाहीत.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ थांबा आणि पाण्याकडे बघा. इथून पूर्वेला वाहिलेले मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगराच्या पलीकडे पडलेले म्हादईतून गोव्याच्या समुद्राला.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाला घेऊन खानापूर भागात फिरायचे आहे. हायवेची भीती वाटते. — एक आई, गोवावेस

भीती रास्त आहे. बेळगाव-खानापूर चौपदरी रस्त्यावर मुलाला नेऊ नका. सायकली मोटारीला बांधून किंवा टेम्पोत टाकून खानापूर गाठा आणि तिथून चालवा. रेल्वेत सायकल लगेज म्हणून बुक करावी लागते आणि खानापूरला गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे मुलाबरोबर तो खटाटोप नको.

पहिली फेरी असोग्याची : गावापासून चार-पाच किलोमीटरवर मलप्रभेकाठी रामलिंगेश्वराचे देऊळ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नदी देवळाजवळ येते, तेव्हा जाऊ नये, आणि एरवीही मुलाला डोहाकडे एकटे सोडू नये.

ती दोन-तीनदा जमली की नंदगड आणि हलशी. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आत आहे. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिले, तिथे त्यांची समाधी आहे. हलशी म्हणजे कदंबांची जुनी राजधानी पलाशिका. तिथले भूवराह नरसिंहाचे देऊळ मुलाला आवर्जून दाखवा. देवळात शांतपणे तासभर द्या, तेवढ्यात पायही मोकळे होतात.

सायकल मोठी घेऊ नका, ‘वाढत्या अंगाची’ तर नकोच. उभे राहिल्यावर आडवी दांडी आणि पायांमधली जागा यांत दोन इंच अंतर हवे. या वयाला बहुधा २४ इंची चाक बसते. ब्रेकचा दांडा बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत पोचतो का पाहा. नसेल तर त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून तो जवळ आणता येतो. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर आणि पट्ट्यात एकच बोट जाईल एवढे घट्ट. रस्त्यावर मूल पुढे आणि मोठे माणूस मागे, किंचित उजवीकडे.

प्रश्न : निपाणीकरांसाठी काही आहे का? सगळ्या वाटा बेळगावच्याच सांगता. — एक वाचक, निपाणी

तक्रार मान्य. तवंदी घाट महामार्गावर असल्याने तो सुचवत नाही. तुमचे वैभव वेदगंगा आणि दूधगंगेकाठचे गावरस्ते आहे : जत्राट, भिवशी, अकोळ, सिदनाळ, कारदगा, भोज. बंधाऱ्यांवरून नदी ओलांडत वीस ते चाळीस किलोमीटरची कोणतीही फेरी जुळवता येते, सगळी सपाट. दोन अटी. जुलै-ऑगस्टात हे बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा नाही. आणि ऊस गळीत सुरू झाल्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. वळणावर मागची ट्रॉली आत कापते, म्हणून तिच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. समोरून येताना दिसला तर रस्ता सोडून कडेला पाय टेकून उभे राहा. काळ्या मातीच्या पाणंदीत पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस सायकल घालू नये. चिखल चाकाला बांधला जातो आणि काडीने खरवडूनच काढावा लागतो.